कुतैसी–ओनी, दुपारची गाडी

ग्वान्त्साच्या मांडीवर कोंबडी आहे.
पाय सुतळीने बांधलेले, अंग शालीत,
बाहेर फक्त मान.

रिओनी वळते तसा रस्ता वळतो,
रस्त्यामागे गाडी, गाडीमागे आम्ही अकरा जण:
डावीकडे कलंडतो, उजवीकडे सावरतो.
कुणाचं तरी पोतं उसवलंय,
बटाटे सीटखालून पुढे येतात,
घाट चढला की मुकाट मागे जातात.
झुराब एका हाताने गाडी हाकतो,
दुसऱ्याने, देऊळ दिसलं की, छातीवर क्रूस काढतो.
अशा वेळी आम्ही सगळेच भाविक.

कोंबडीचं डोकं मात्र जिथल्या तिथे.
हवेत खिळा ठोकून टांगल्यासारखं.
अंग खाली जातं, मान लांबते,
अंग वर येतं, मान मिटते,
डोकं जागा सोडत नाही.

"तिचे डोळे आपल्यासारखे फिरत नाहीत खोबणीत,"
ग्वान्त्सा सांगते,
"काही धड बघायचं तर मानेनंच सोसायचं."
आणि मग, मी न विचारताच:
भाऊ हिवाळ्यात गेला.
उद्या तिबिलिसीहून माणसं येणार, घर बघायला.
घेवोत न घेवोत,
उपाशी कसं धाडायचं दारातून?
अक्रोड घरचेच आहेत.

कोंबडी ऐकत होती की नाही, कळलं नाही.
काचेवर वाळलेल्या चिखलाच्या एका थेंबाकडे
ती बघत होती, पापणीही न हलवता.

अंब्रोलाउरीला गाडी थांबली.
ग्वान्त्साला किल्ली सापडेना.
पिशवी उपसायला तिने कोंबडी माझ्याकडे दिली.
शालीखाली हात गेला आणि दचकलो.
काळीज धावत होतं, शिवणयंत्रासारखं,
न थांबता, गाठ न मारता, भरधाव.
वर डोकं तसंच.
एवढं सगळं आत पळत असताना
हिला कुठून जमतं हे?

किल्ली स्वेटरच्या खिशात निघाली.

ओनीच्या अलीकडे एक वळण आहे,
तिथून ते घर दिसतं म्हणे,
दोन-तीन श्वास, मग मधे डोंगर येतो.
झुराबने वेग कमी केला नाही.
गाडी कलंडली, आम्ही कलंडलो,
ग्वान्त्साचे खांदे माझ्यावर आदळले.
तिची मान
खिडकीपाशीच राहिली.

एक बटाटा येऊन माझ्या बुटाला टेकला.