फट

रबाळ्याच्या गाळ्यात आमचा एक समुद्र आहे,
फ्रिजएवढा, काचेच्या झाकणाचा.
पाच टक्के मीठ, पस्तीस अंश,
रात्रंदिवस धुकं.
भरती नाही, ओहोटी नाही, माशाचा वास नाही.
मीठ गोणीतून येतं, सर्टिफिकेटसकट.
आज्याचं मिठागर होतं, तिथे आता डेटा सेंटर आहे.
हे मी लॅबमध्ये कुणाला सांगत नाही.

आत बोल्ट टांगलेत,
निकेलचे, भर समुद्रातल्या तेलफलाटासाठी.
एकेकाची किंमत माझा आठवड्याचा पगार.
शेजारी साध्या लोखंडाची पट्टी, साक्षीला.
ती दुसऱ्याच दिवशी
जिन्याच्या कोपऱ्यासारखी लाल.
बोल्ट मात्र हळदीआधीच्या नवरदेवासारखे कोरडे, ताठ.
चारशे तास. सातशे.

खाली लेथवर अझीमचाचा म्हणतात,
याला नुसतं घासत बसायचं नाही, बेटा.
टूल रेंगाळलं की हा हट्टाला पेटतो,
आणखी कडक होतो.
कापायचं तर एका दमात.

याच्या अंगावर एक कातडी असते,
डोळ्याला दिसत नाही इतकी पातळ.
ओरखडा काढा,
हवा लागली की पुन्हा धरते.
हवा लागली, तरच.

बाबा होडीच्या फळ्यांत कापूस ठासायचे,
वर राळ.
मग अंगठा फिरवत जायचे, नाळेपासून वऱ्हापर्यंत, डोळे मिटून.
"दर्याला फट दावायची नाय गो.
फट दिसली का त्यो घरात येतो."

नऊशे ऐंशी तासांना मी एक वॉशर उचलला.
खाली टाचणीच्या टोकाएवढा
काळा ठिपका.
सुई लावली तर सुई आत गेली.

गन धरली. आकडे आले.
मॉलिब्डेनम नऊ हवं, तीन होतं.
शिक्का एका धातूचा, अंग दुसऱ्याचं.
कर्णिकसाहेब चष्मा पुसत म्हणाले,
वरून तर चकचकीत आहे, प्रणिता.
वॉशर कोण काढून बघणार तिथे, वाऱ्यात, दोरावर लटकून?
म्हटलं, तेच ना.
तिथे कोण बघणार.

ट्रक दाराशी उभा होता, पेट्या अर्ध्या चढवलेल्या.
मी घासत बसले नाही.
हीट नंबर, तारीख, नापास,
आणि सही. पेन जरा जास्तच दाबलं गेलं,
खालच्या तीन कागदांवर उमटलं.

घरी दिवागावात जेवताना बाबांनी विचारलं,
"झालं का पास, तुझं लोखंड?"
लोखंड नाही हो, निकेल.
"कायपन असूं दे. दर्या जात नाय इचारीत."

होडी विकून अकरा वर्षं झाली.
अजून त्यांचा अंगठा
ताटाच्या कडेवरून फिरतो,
हळू, अख्खा एक फेरा,
आणि मगच ते भातात हात घालतात.