घराचा फोन

लँडलाइन काढून टाकली त्या दिवशी
मी तिचा मोबाइल ‘घर’ या नावाने साठवला.
दुसरं काही सुचलं नाही.

आता घर मदुरैला गेलंय,
छत्तीस बायकांच्या सहलीत,
पिवळी टोपी, गळ्यात नावाची पट्टी.
मी पाचपाखाडीत, दुसऱ्या मजल्यावर,
फ्रिजला चिकटवलेली कार्यक्रमपत्रिका वाचतोय.

पहिला दिवस : आगमन, विश्रांती.
रात्री दहाला फोन.
खोलीत पनवेलच्या कर्णिकबाई आहेत,
एसी सोळावर ठेवून दोन पांघरुणं घेतात.
मी विचारलं, हिंग कुठाय?
म्हणाली, असतो तिथेच.
वागळे इस्टेटीत बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी.
चार हजार सुटे भाग,
प्रत्येकाचा खण तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी फोटो.
दोन बोटांनी ताणून ताणून शोधली,
तर कुंदा अगदी कडेला, अर्धी कापलेली,
हातात कॉफीचा स्टीलचा पेला, केसांत हातभर मोगरा.
हसतेय.
हसताना तोंडावर हात नाही.
हे मी बराच वेळ बघत बसलो,
मग वरण उतू गेलं.

तिसऱ्या दिवशी, अकरा चाळीसला, स्क्रीनवर ‘घर’.
उचलला तर पुरुषाचा आवाज :
काका, घाबरू नका, मी सुयोग, टूरवाला.
देवळात फोन नेऊ देत नाहीत, सगळ्यांचे माझ्या पिशवीत आहेत.
काकू जरा मागे राहिल्यात.
चार दिशांना चार गोपुरं, नवख्याला सगळी सारखीच.
त्यांना तुमचा नंबर पाठ आहे ना?

पाठ आहे का तिला?
मी तिचा आठवून पाहिला.
अठ्ठ्याण्णव, वीस,
आणि पुढे काहीच नाही.

दीड तास.
फोन शंभर टक्के भरला तरी चार्जरवरून काढला नाही.
इस्त्रीवाला तिची निळी साडी घेऊन आला,
काकू नाहीत का, म्हणाला.
म्हटलं, शोधतायत.
तो जिना उतरताना दोनदा मागे वळला.
मी स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडले, पुन्हा लावले.
हिंग चहाच्या डब्यामागे होता.

एकला ‘घर’ पुन्हा वाजलं. या वेळी तीच.
आवाज पाणी पिऊन आल्यासारखा.
अहो, चपला पूर्वेला आणि मी निघाले पश्चिमेला,
फरशी अशी तापलेली, पाय उचलत उचलत चालले.
बाहेर एका फुलवालीने स्वतःचा फोन पुढे केला,
तिची भाषा मला कळेना, पण फोन कळला.
मग?
मग काय, नंबर पाठच आहे तुमचा.
मग केला का नाहीस?
थोडं थांबून म्हणाली,
परत आत गेले. तळ्याच्या पायरीवर बसले.
जरा बसावंसं वाटलं.
पिशवी नाही, फोन नाही, चपला नाहीत,
हात नुसते मांडीवर.
मग म्हणाली, जेवलात का?

संध्याकाळी कचराळी तलावावर गेलो.
रोज मी सात फेऱ्या मारतो
आणि ती बाकावर बसते,
माझी बाटली, माझा रुमाल, माझ्या फेऱ्यांचा हिशोब धरून.
आज बाटली माझ्याच हातात.
तिसऱ्या फेरीनंतर, की चौथ्या, मी तिच्या बाकावर टेकलो.
इथून तलाव निम्माच दिसतो.
मधे सारखी चालणारी माणसं येतात,
कुणीही बाकाकडे बघत नाही.
तिचे दहा आकडे म्हणून पाहिले,
सातव्याशी दोनदा चुकलो.

उद्या रामेश्वर, पहाटे साडेपाचला निघणार
असं फ्रिजवर लिहिलंय.
रात्री पुन्हा बोललो, एसीबद्दल, कर्णिकबाईंबद्दल.
हिंग सापडला,
ते मीही नाही सांगितलं.