उरलेली हवा

गॅरेजात त्याची गाडी आली तेव्हा
सीट तशीच होती, पार मागे सरकवलेली.
डर्क्सनचे पाय लांब.
मी ती पुढे घेतली नाही.
तेल बदललं, काच बदलली,
मॅटखालची सूर्यफुलाच्या बियांची टरफलं वेचून
खिशात ठेवली. का, ते विचारू नका.

आज रिजायनात सप्टेंबरचं कोरडं वारं.
भिंतीवर त्याचं नाव,
अक्षरांत दगडाची पूड अजून तशीच.
आयल्सा म्हणाली, माझी बोटं वळत नाहीत, तूच वाजव.
बॅगपाइप काखेत घेतला
तर पहिला सूर फाटकाच निघाला.
कोणी हसलं नाही.
तो हसला असता. नाताळात हसलाच होता:
मांजराच्या शेपटीवर पाय पडला का रे, ओरिन?

मग सूर लागला.
त्याची आई
टोपी मांडीवर उलटी धरून बसलेली,
तीत काही पडणार असल्यासारखी.

शेवटी ओठ काढले,
तरी वाजत राहिलं.
पिशवीतली उरलेली हवा,
चार-पाच क्षण,
घेतलेला श्वास कधीच संपून गेल्यावरची.

एका झटक्यात तोडायचा असतो सूर,
शिकवलंय तसं.
मी कोपर दाबून धरलं,
जाईल तेवढा जाऊ दिला.