दुसरं डबकं

ओस्त्रावात बाईला मान द्यायचा तर 'पानी' म्हणतात.
पानी यार्मिला रात्रीची ट्राम चालवतात,
डेपोपासून बंद पडलेल्या कोळसाखाणीपर्यंत
आणि परत.
पहाटे साडेपाचला घरी येतात,
बूट काढायच्या आधी टाकीचा दिवा लावतात.

टाकी म्हणजे नांदतं गाव.
ओंडक्याला काळ्या दोऱ्यानं बांधलेलं जावा फर्न,
मागे मॉसचं जावळ,
वर साल्विनियाचा तरंगता मांडव,
ओकच्या पानांनी पाणी कोऱ्या चहासारखं.
मधल्या मजल्यावर निऑन टेट्रा, घोळक्यानं, उगाच घाईत.
तळाला कोरीडोरस, मिशांनी वाळू चाळत,
कुणाची तरी अंगठी हरवल्यासारखे.
वरचा मजला रिकामा होता.

म्हणून एका रविवारी रेल्वे कॅन्टीनमागच्या हॉलमध्ये
हीनेक नावाच्या म्हाताऱ्याकडून
बाईंनी किलीफिशची जोडी घेतली.
काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी, भोवती वर्तमानपत्र.
नर निळा, पण नुसतं निळा म्हणून भागत नाही:
अंगभर तांबडे शिंतोडे, कुणी ब्रश झटकावा तसे,
आणि शेपटीला पिवळा काठ, इरकलीचा असावा इतका नेटका.
मादी मातकट. शहाणी.

हीनेक म्हणाला, नावावर जाऊ नका, हा कुणाला मारत नाही.
जुन्या डचमध्ये किल म्हणजे ओहोळ.
आणि झाकण. झाकण घट्ट.
फिल्टरची वायर जाते ना, तेवढी फट याला पुरे.
पळून जातो? बाईंनी विचारलं.
पळत नाही हो. उडी मारतो.
याच्या आजोळी, नायजेरियात, ओहोळ आटत आला
की शेजारी दुसरं डबकं असतं.
याच्या रक्ताला तेवढंच पाठ आहे.

बाईंनी जुना हिरवा स्वेटर उसवला,
लोकरीची झुलपं बुचाला बांधून पाण्यात सोडली.
मादीनं त्यात अंडी घातली, राजगिऱ्याएवढी,
काचेसारखी, चिमटीत न फुटणारी.
सात बाईंना मिळाली.
बाकीची टेट्रांनी न्याहारीला घेतली.
एकत्र कुटुंबात असं चालायचंच.

नोव्हेंबरातल्या एका पहाटे नर नव्हता.
मॉस उचकटून पाहिलं. ओंडका उलटा केला.
मग ट्रामचा टॉर्च घेऊन बाई जमिनीवर पालथ्या.
हीटरमागे काही नाही.
फ्रिजखाली एक बटण, नवऱ्याच्या शर्टाचं.
(नवरा ब्रनोला असतो, दुसऱ्या घरी. बरा असतो.)
हीनेकला फोन केला.
तो म्हणाला, आता टॉर्च नको, केरसुणी घ्या.
बाईंनी केर काढला, फार हळू,
प्रत्येक सुपली खिडकीत नेऊन पाहिली.
मादी मांडवाखाली होती तिथेच होती.

तिसऱ्या दिवशी पाणी बदलायचा वार.
टाकीला लागून, स्टुलावर, नेहमीचा प्लास्टिकचा जग,
नळाचं पाणी भरून मुरत ठेवलेला.
बाईंनी तो उचलला, कलता केला,
आणि आतून एक निळं
त्यांच्याकडे बघायला वर आलं.

कोट अंगावर, जग मांडीवर,
पावणेसहाला बाई एकट्याच एवढ्या हसल्या
की खालच्या मजल्यावरच्या वाव्रेचकानं
पाइपावर चमचा आपटला.

नर टाकीत परतला तो मादीमागे धावतच,
दुकानात जाऊन आल्यासारखा.

फटीत आता स्पंजचा तुकडा आहे, ठोसून बसवलेला.
तरी कामावर निघताना, टोपी घातल्यावर,
बाई जग काठोकाठ भरतात,
स्टूल पायानं जरा टाकीकडे सरकवतात.
क्लोरीन उडायला बरं असतं, म्हणतात.