पान एकशे बारा

टेबलाचं भाडं बारा पाउंड, शनिवारपुरतं.
एका बाजूला चीजवाला, दुसऱ्या बाजूला
व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशव्या विकणारी डोरीन,
मधे मी,
आईची इरकल अंथरून
चाळीस प्रतींचा मनोरा रचून बसलेली.

ॲक्रिंग्टनच्या मंडईला काचेचं छप्पर आहे.
पाऊस वर वाजत राहतो, मान कुणी वर करत नाही.

प्रकाशक कोण?
मीच.
मुखपृष्ठ?
लेकीच्या मैत्रिणीचं, एका बिर्याणीच्या बदल्यात.
वितरण?
बाहेर उभं आहे. जुनी होंडा, डिकी नीट लागत नाही.

बुकमार्क पाचशे छापले होते, ते मात्र संपत आले.
पोरं नेतात. चीजवाला
त्यांच्या मागे भाव लिहितो.

अठराशे त्रेसष्ट, मी सुरुवात करते,
अमेरिकेत युद्ध, तिकडचा कापूस थांबलाय,
म्हणून खामगावचा निघालाय बैलगाडीनं, मग बोटीनं,
आणि इथे ॲनी नावाची विणकरीण
आमच्या आखूड धाग्याला शिव्या घालतेय,
तुटतो म्हणून, हातभर गेला की तुटतो म्हणून...
एवढ्यात समोरचा माणूस
मोज्यांच्या दुकानाशी पोचलेला असतो.

आता थोडक्यात सांगते:
कापूस आहे, प्रेम आहे, एक खून आहे.
(खून पान दोनशेवर. तसा अपघातच तो.)

सकाळपासून अकरा जणांनी स्वच्छतागृह विचारलं.
एका बाईंना इरकल हवी होती, कितीला देणार?
एका गृहस्थांनी विचारलं, तुमच्याच आयुष्यावर का हे?
म्हटलं, अठराशे त्रेसष्ट.
ते म्हणाले, हो, हो, तेच.

तीनच्या सुमाराला ऑर्मरॉड आले.
काठी टेबलाला टेकवली, जिभेला बोट लावून
उभ्या उभ्या वाचू लागले. वीस मिनिटं.
ही प्रत तर गेलीच, मी मनात म्हटलं.
एकशे बारावर थांबले.

"सुईनं नाही."

काय सुईनं नाही?

"धोट्याच्या भोकातून धागा. तुमची ॲनी सुईनं काढते.
सुईला सवड कुणाला होती?
भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा.
धोट्याचा मुका म्हणायचे त्याला.
माझ्या आजीचे पुढचे दात त्यातच गेले.
एकीचा खोकला साऱ्या खात्याला."

पुस्तक मिटलं, मनोऱ्यावर ठेवलं,
मनोरा सरळ केला,
गेले.

चार वर्षं. मँचेस्टरला किती फेऱ्या.
गिरणीच्या हजेऱ्या, दंडाच्या वह्या, मजुरीचे आकडे,
पेन्सिलीनं उतरवून घेतलेलं सगळं.
ओठ कुठल्याच रकान्यात नव्हते.

रात्री स्वयंपाकघरात सदतीस प्रती, एक निळं पेन.
'सुईनं' वर काट, वर बारीक 'ओठांनी'.
पहिल्या दहा रागारागानं.
मग हात बसला.
विसावीला वाटलं, वाक्य अजून पुरं नाही,
समासात घातलं:
तोंडात किटण, तेलाची चव,
आणि कुठल्यातरी लांबच्या शेतातली सरकी.
झालं. आधीच्या एकोणीस पुन्हा उघडाव्या लागल्या.

नवरा चहा ठेवून म्हणाला,
असली खाडाखोड कोण विकत घेणार?
पुढच्या शनिवारी डोरीन म्हणाली,
हातानं लिहिलंय? मग दोन पाउंड जास्त लाव.

ऑर्मरॉड आले तेव्हा मी किटलीवाल्याकडे होते.
परतले तर पान उघडलेलं,
त्यांचं बोट समासातल्या ओळीवर.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग पाकीट काढलं, नाणी मोजत विचारलं,
"न सुधारलेली एखादी आहे का?
बर्नलीला बहीण आहे माझी.
चूक तिची तिला सापडलेली बरी."

माझी स्वतःची तेवढी तशी होती, पिशवीत,
छापखान्यातून आलेली पहिली,
हळदीचा डाग पडलेली.
दिली.

पाठीमागून कुणीतरी विचारलं.
डावीकडे, मी म्हटलं,
मोज्यांच्या दुकानामागे.