चौदावं पोतं

डिसेंबरात डंडीला साडेतीनलाच अंधार पडतो.
टे नदीवरचा पूल दिवे लावून घेतो
आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर
इन्क्युबेटर सदतीस अंशांवर जागाच.
आत एका बाईच्या फुफ्फुसातल्या पेशी.
बाई जाऊन चाळीस वर्षं झाली,
फाइलीत नाव नाही, नुसता आकडा,
पुढे: स्त्री, वय ५१.
दर तीन दिवसांनी आम्ही त्यांना जेवू घालतो.

मुळी पिवळी. हुआंग-छिन म्हणतात तिला.
कापली की हळदीचा भास होतो,
वास मात्र भिजलेल्या गंजीचा.
चौदाव्या पोत्यातल्या मुळीने
बशीतल्या दहातल्या आठ पेशी मारल्या.
आम्ही केक कापला.
पंधराव्याने काहीच केलं नाही.
तोच व्यापारी, तेच लेबल, तेच द्रावण,
तीच मी, तेच हातमोजे.
सोळाव्यानेही नाही.

मग दोन्ही पोत्यांतली एकेक मुळी रुमालात बांधून
हिलटाउनचा चढ चढले.
लाउ वाई-कुंग यांचं दुकान, शेजारी बुकीचं.
वय ऐंशीच्या पुढे, कार्डिगनला बटणं दोनच.
त्यांनी मुळ्या कानाशी धरून मोडल्या,
तुकडा जिभेवर ठेवला, थुंकला.
"ही चार उन्हाळे जमिनीत होती.
ही दोन. हिला कुणी थांबूच दिलं नाही."
मी वहीत लिहून घेतलं,
पण थांबण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

आमच्याकडे म्हणतात, अमक्याच्या हाताला गुण आहे.
तोच काढा, तीच मात्रा,
एकाच्या हातून उतरतो, दुसऱ्याच्या नाही.
आमच्या यंत्राच्या कागदावर एकोणतीस शिखरं उमटतात.
त्यांतलं ते कुठलं,
की दोन शिखरांमधली दरी,
मला अजून सापडलेलं नाही.

"तुमच्याकडे लागू पडते का?" त्यांनी विचारलं.
"बशीत पडते."
ते हसले. "बशीत ब्लीचही लागू पडतं."
मग काउंटर पुसत, माझ्याकडे न बघता:
"बायकोला मी नाइनवेल्सला नेलं. सहा वेळा केमो.
मागे हे एवढे खण. एकही उघडला नाही."
"का?"
"दोन औषधं एकमेकांशी भांडली असती
तर मी कुणाची बाजू घेतली असती?"
मुळ्यांचे पैसे घेतले नाहीत.
छत्री विसरले होते, ती मात्र
अर्ध्या चढापर्यंत धापा टाकत आणून दिली.

आणि आज संध्याकाळी शीना,
जी आमचे मजले पुसते,
बादली दाराशी ठेवून आत आली.
भाऊ. ॲबरडीनला तेलाच्या फलाटावर वेल्डर होता.
स्वादुपिंड.
डॉक्टर आता 'आराम' हा शब्द वापरू लागलेत.
"ती पिवळी पूड. डबीभर.
जाणारच आहे तो,
आणखी काय व्हायचंय त्याला?"

माझ्यापाशी उत्तर होतं, तीन परिच्छेदांचं.
की ती रक्तात किती पोचते ठाऊक नाही,
यकृत तिचं काय करतं ठाऊक नाही,
उंदरापर्यंतही आम्ही गेलेलो नाही,
आणि चौदावं पोतं संपलं.
मी तिला शेवटचंच तेवढं सांगितलं.
ते खोटं होतं.

वजा ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, खालच्या फळीवर,
अकरा ग्रॅम आहे.
माझ्याच अक्षरात तारीख घातलेली.

"बरं," शीना म्हणाली. दुसरं काही नाही.
बादली आत घेतली,
कोपऱ्यापासून पुसत आली,
माझ्या खुर्चीपाशी थांबली,
आणि मी लहान पोरीसारखे
पाय वर घेतले.

फरशी वाळेपर्यंत तशीच बसून होते.
आतल्या बाईच्या जेवणाची वेळ
टळून गेली होती.