टिचकी

चार स्क्रू मी बनवले. म्हणजे एक बनवला
आणि तीनदा चिकटवला.
शाहूपुरीतल्या वरच्या खोलीत, रात्री दीडला,
जुन्या दोनपंखी विमानाचा उंचीमापक
मला पुरा झालासा वाटला:
काळी तबकडी, दोन काटे,
आणि आकड्यांवर म्हातारं रेडियम,
ताकात हळद सांडावी त्या रंगाचं.

सकाळी शेडगेकाका पेपर परत द्यायला वर आले.
हवाई दलात एकोणीस वर्षं ते काट्यांचे डॉक्टर.
स्वतः उडाले म्हणे तीनदाच.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पडद्याला नाक लावलं.
"हे चारी स्क्रू एकाच माणसानं, एकाच दिवशी,
एकाच खुशीत पिळलेत व्हय?"

चारही खाचा आडव्या,
कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या.

मग काच. "फार पुसलीयस.
खालच्या कडेला बोटं लागतात माणसांची."
मग वळण दाखवणारी ती गोळी,
वाकड्या नळीत, तेलात बसलेली.
"ही पाणसळीतल्या बुडबुड्याची उलटी बहीण.
तो वर पळतो, ही तळ धरते.
आळशी असते गं. तू गोटी केलीस तिची."

मी म्हटलं, काका, गेम आहे.
चार हजार बहुकोनांत सगळं बसवायचंय,
शुक्रवारी द्यायचंय.
ते काही बोलले नाहीत. खाली गेले
आणि टॉवेलात काहीतरी गुंडाळून आले,
विरजण न हलवता आणावं तसे जिना चढत.

नाशिकच्या भंगारवाल्याकडून, सत्त्याऐंशी साली,
नऊ रुपयांना घेतलेला खरा उंचीमापक.
हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा जड.
"आत पितळेची पातळ डबी, हवा काढून घेतलेली.
वर गेलं की ती फुगते. एवढंच.
बाकी सगळं घड्याळजीचं काम."
चालतो का, विचारलं.
"इथं बसून काय कळणार?"

म्हणून स्कूटरवर यवतेश्वरचा घाट.
मी पुढे, ते मागे, माकडटोपीवर हेल्मेट,
मांडीवर टॉवेल, टॉवेलात उंची.
"चोवीसशे!" मागून ओरडत होते.
एक वळण. "चोवीसशे!"
सातारा खाली पसरत गेलं,
पत्र्यांवर ऊन, कुठंतरी शाळेची घंटा.
अजिंक्यतारा डोळ्यांच्या रेषेत आला
तरी मागून आपलं तेच, पण हळू आवाजात,
"चोवीसशे."

रसाच्या गाड्यापाशी थांबायला लावलं.
मधल्या बोटाच्या नखानं
काचेवर एक टिचकी.

काटा दचकला.
पहाऱ्यावर डुलकी लागलेल्या शिपायासारखा
तडक सव्वातीन हजारांवर जाऊन
थरथरत उभा राहिला.
"चढला होता तो कधीच," काका म्हणाले,
"सांगायचं राहिलं होतं."
आणि रसवाल्याला म्हणाले, आलं जास्त घाल.

त्या रात्री मी स्क्रू एकेक करून पुन्हा पिळले.
तिसऱ्याची खाच थोडी चेपली,
कुणाचा तरी हात घसरला असेल.
काच मळवली. गोळीला आळस दिला.
काटा उंचीच्या पाऊण सेकंद मागे ठेवला,
अधूनमधून अडकणारा,
आणि काचेवर क्लिक केलं तरच दचकणारा.

गिऱ्हाइकाचा निरोप आला: काटा अडकतोय, दुरुस्त करा.
मी लिहिलं: टिचकी मारा.
दोन दिवस काहीच नाही.
मग पैसे आले, पुरते.

खरा उंचीमापक आता काकांच्या फ्रिजवर असतो,
पेढ्यांच्या रिकाम्या खोक्याला टेकून.
येताजाता ते त्याला टिचकी मारतात.
काल दुपारी जिन्यातून हाक आली,
हवेचा दाब उतरला होता,
पण ते तसं म्हणत नाहीत:
"अगं, सकाळपासून आपलं घर साठ फूट वर गेलंय!
गच्चीवरच्या कुरडया काढून घे."